संचालकविरहित वापरसुलभता चाचणीतील कार्यरचना

संचालकविरहित वापरसुलभता चाचणीतील कार्यरचना म्हणजे संकेतस्थळ किंवा मोबाईल ॲप वापरून पाहणाऱ्या सहभागी व्यक्तीने, सोबत कोणीही संचालक नसताना, कोणते काम करायचे, कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचे हे ठरवणारी लेखी मांडणी होय. अशा चाचणीला व्यवहारात ‘अनमॉडरेटेड टेस्ट’ असेही म्हणतात. सहभागी आपल्या घरी किंवा कार्यालयात, स्वतःच्या संगणकावर वा फोनवर, सवडीने काम करतो. पडद्यावरील हालचाली, टिचक्या, लागलेला वेळ आणि अनेकदा त्याचा आवाज यांची नोंद सॉफ्टवेअर करते. संशोधक ती नंतर पाहतो.

संचालक समोर असतो तेव्हा कार्याचे वाक्य संदिग्ध राहिले तरी सावरून घेता येते. सहभागी गोंधळला तर त्याला काय समजले ते विचारता येते, तो भलत्याच पानावर गेला तर परत आणता येते. संचालकविरहित चाचणीत ही सोय नसते. कार्याचा मजकूर हाच तेथे संचालकाचे काम करतो, आणि त्यातील दोष थेट निष्कर्षांत उतरतो. हा दोष बहुधा लपून राहतो. आकडे वेळेवर येतात, तक्ते भरतात. मात्र जे मोजायचे होते त्याचे ते आकडे नसतात.

पार्श्वभूमी

आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार (१९९८, सुधारित आवृत्ती २०१८) ठरावीक वापरकर्त्यांना, ठरावीक संदर्भात, ठरावीक उद्दिष्टे परिणामकारकपणे, कार्यक्षमतेने आणि समाधानपूर्वक साध्य करता येण्याचे प्रमाण म्हणजे वापरसुलभता. उद्दिष्टाविना वापरसुलभता मोजता येत नाही, हे या व्याख्येतच गृहीत आहे. चाचणीत ते उद्दिष्ट कार्याच्या रूपाने सहभागीसमोर ठेवले जाते.

सुरुवातीच्या चाचण्या प्रयोगशाळेत होत. आयबीएममध्ये काम करणाऱ्या क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये, काम करताना मनातले विचार मोठ्याने बोलत राहण्याची पद्धत संगणक-आराखड्याच्या क्षेत्रात मांडली. तिच्यामागे अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांचे मानसशास्त्रीय संशोधन होते. दूरस्थ चाचणीची चर्चा १९९० च्या दशकात सुरू झाली. रेक्स हार्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये संगणकांचे जाळे हाच प्रयोगशाळेचा विस्तार मानावा असा विचार मांडला. फिडेलिटी इन्व्हेस्टमेंट्स या वित्तसंस्थेतील टॉम टुलिस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रयोगशाळेतील आणि दूरस्थ चाचण्यांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्हींमधील कार्यपूर्तीचे प्रमाण आणि वेळ यांत बरेच साम्य आढळले. पुढे २००७ मध्ये यूजरटेस्टिंग ही कंपनी स्थापन झाली आणि अशा चाचण्या विकत घेता येण्याजोगी सेवा बनल्या. त्याच वर्षी डेन्मार्कमधील एका अभ्यासात मात्र, संशोधक त्याच वेळी उपस्थित नसलेल्या दूरस्थ पद्धतींत प्रयोगशाळेच्या तुलनेने कमी दोष सापडल्याचे दिसून आले.

कार्याच्या निवडीवर निष्कर्ष किती अवलंबून असतात याची जाणीव रॉल्फ मोलिक यांनी चालवलेल्या तुलनात्मक अभ्यासमालेतून झाली. तिच्यातील दुसऱ्या अभ्यासात नऊ स्वतंत्र संघांनी हॉटमेल या ईमेल सेवेची चाचणी घेतली. सर्वांनी मिळून ३१० दोष नोंदवले आणि त्यांपैकी सुमारे ७५ टक्के दोष केवळ एकेका संघालाच सापडले. प्रत्येक संघाने आपापली कार्ये लिहिली होती, हे या विसंगतीचे एक प्रमुख कारण. याच मालेतील आठव्या अभ्यासात १५ संघांना मोटारी भाड्याने देणाऱ्या एका संकेतस्थळासाठी तीच पाच कार्ये देण्यात आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाचे शीर्षकच बोलके आहे: मोटार भाड्याने घेण्यास ०, ६०, २४० की १,२१७ सेकंद लागतात, असा प्रश्न त्यात विचारला आहे. कार्ये समान असूनही वेळ मोजण्याच्या पद्धती निरनिराळ्या होत्या. संचालकविरहित चाचण्यांतून आलेल्या दूषित नोंदी कशा वगळाव्यात, हा त्यातील चर्चेचा एक मुद्दा होता.

कार्य आणि प्रसंग

लेखी कार्याचे सामान्यतः दोन भाग असतात. पहिला भाग प्रसंगाचा: सहभागी कोणत्या परिस्थितीत आहे आणि त्याला काय हवे आहे. दुसरा भाग सूचनेचा: काय केले की काम संपले असे मानावे. प्रसंग नसेल तर सहभागी परीक्षेतला प्रश्न सोडवावा तसा वागतो. प्रसंग लांबला तर तो वाचलाच जात नाही, आणि ‘वाचा नीट’ असे सांगायला कोणी नसते.

या संदर्भात अमेरिकी अभ्यासक जॅरेड स्पूल यांनी दिलेले उदाहरण वारंवार सांगितले जाते. आयकिया या फर्निचर विक्रेत्या कंपनीच्या संकेतस्थळाच्या चाचणीत पुस्तकांचे कपाट शोधण्यास सांगितले, तेव्हा सहभागींनी शोधचौकटीत नेमका तोच शब्द टाकला. त्याऐवजी, तुमच्याकडे दोनशेहून अधिक पुस्तके आहेत, ती खोक्यांतून दिवाणखान्यात विखुरली आहेत, त्यांची व्यवस्था लावण्याचा मार्ग शोधा, असे सांगितल्यावर वागणे बदलले. सहभागी विभाग चाळू लागले, आणि शोध घेतलाच तर निराळे शब्द वापरू लागले. पहिल्या कार्यात शोधचौकटीची कामगिरी निर्दोष ठरली असती. खरा ग्राहक मात्र गरज घेऊन येतो. वस्तूचे दुकानातले नाव त्याला ठाऊक असेलच असे नाही.

शब्दयोजना

पडद्यावरील बटणाचे किंवा विभागाचे नाव कार्यात येऊ देऊ नये, हा कार्यलेखनाचा सर्वांत परिचित नियम आहे आणि सर्वांत जास्त मोडला जाणाराही. याचे कारण असे की कार्य लिहिणारी व्यक्ती बहुधा त्या उत्पादनाशी रोज संबंधित असते. बटणावरचे शब्द तिच्या बोलण्यात रुळलेले असतात.

उदाहरणादाखल, बसचे आगाऊ आरक्षण करणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत सापडते का, हे तपासायचे आहे असे समजू. ‘सवलतधारक प्रवासी हा पर्याय निवडून ज्येष्ठ नागरिकाचे तिकीट काढा’ असे कार्य दिले, तर वाचता येणारा जवळजवळ प्रत्येक सहभागी ते पूर्ण करील. सवलत आहे हे त्याला सांगितले गेले, ती कोणत्या नावाखाली आहे हेही सांगितले गेले. तपासण्यासारखे काही उरलेच नाही. हेच कार्य पुढीलप्रमाणे लिहिता येते: ‘तुमच्या आईचे वय ६७ वर्षे आहे. २२ तारखेला दुपारी १ वाजण्यापूर्वी तिला पुण्याहून कोल्हापूरला पोचायचे आहे. तिच्यासाठी सर्वांत कमी खर्चाची बस शोधा. पैसे भरण्याचे पान आले की थांबा.’ येथे वय दिले आहे, पण त्याचा उपयोग काय हे सहभागीने ओळखायचे आहे. अनेकांनी पूर्ण भाड्याचे तिकीट निवडले, तर सवलत कागदावर असूनही प्रवाशाच्या हाती पडत नाही असे उघड होते. पहिल्या कार्याच्या आधारे ‘सर्व काही ठीक’ असा अहवाल गेला असता, आणि त्याचा भुर्दंड अशा प्रवाशांनी भरला असता ज्यांना तो भरण्याची गरजच नव्हती.

तारखेसारखा किरकोळ वाटणारा तपशीलही अडचणीत आणतो. ‘येत्या शनिवारी’ असे लिहिल्यास चाचणी शनिवारीच उघडणारा सहभागी बुचकळ्यात पडतो. ठरावीक तारीख दिली आणि चाचणी लांबली, तर ती तारीख उलटून जाते किंवा त्या दिवशीच्या जागा भरतात, आणि कार्य कोणाचीही चूक नसताना अशक्य होऊन बसते. चालू संकेतस्थळावर चाचणी घेताना कार्य अजून शक्य आहे की नाही, हे दररोज पाहावे लागते.

कार्यातून भावना सुचवणेही टाळले जाते. ‘आमच्या नव्या, सोप्या पद्धतीने’ अशी सुरुवात सहभागीला काय वाटले पाहिजे ते सांगून टाकते. मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की प्रयोगात भाग घेणारी व्यक्ती प्रयोगकर्त्याची अपेक्षा ताडून तिला अनुरूप वागू पाहते. संचालक नसला तरी ही वृत्ती नाहीशी होत नाही. फक्त अपेक्षेचा सुगावा चेहऱ्याऐवजी मजकुरातून घेतला जातो.

आरंभ, शेवट आणि यशाची खातरजमा

प्रत्येक कार्याचा आरंभबिंदू निश्चित असावा लागतो. आधीचे कार्य जेथे संपले तेथूनच पुढचे सुरू केले, तर पहिल्यात चुकलेला सहभागी दुसऱ्यातही आपोआप चुकतो. म्हणून बहुतेक साधनांत प्रत्येक कार्यासाठी स्वतंत्र आरंभपान ठरवता येते. ‘तिकीट रद्द करा’ यांसारखे कार्य मुळात आधीच्या आरक्षणावर अवलंबून असते. तेव्हा तयार आरक्षण असलेले नमुना खाते पुरवणे श्रेयस्कर ठरते.

काम संपले हे कोण ठरवणार, हा अधिक कठीण प्रश्न आहे. सहभागीलाच विचारण्याचा मार्ग सर्वांत सोपा, परंतु काम फसूनही ते झाले असे मानणारे सहभागी हमखास आढळतात. त्यांची संख्या कळणे हे प्रत्यक्ष अपयशाच्या संख्येइतकेच महत्त्वाचे असते, कारण अर्ज पोचला अशा समजुतीत राहिलेला माणूस मदत मागायलाही येत नाही. दुसरा मार्ग पानाच्या पत्त्यावरून यश ओळखण्याचा. सहभागी विशिष्ट पानावर पोचला की सॉफ्टवेअर कार्य पूर्ण झाल्याची नोंद करते. यात दोन्ही बाजूंनी चूक संभवते: योग्य पानावर केवळ भटकत पोचलेला माणूस यशस्वी गणला जातो, आणि संशोधकाच्या ध्यानात न आलेल्या वेगळ्या मार्गाने काम पूर्ण करणारा अयशस्वी ठरतो.

यावर पडताळणीचा प्रश्न हा उपाय प्रचलित आहे. वरील उदाहरणात कार्यानंतर ‘तिकिटाची एकूण रक्कम किती दिसली?’ असे विचारता येते. पर्याय काळजीपूर्वक निवडल्यास हा प्रश्न बरेच काही सांगतो. सवलतीची रक्कम, पूर्ण भाडे, वातानुकूलित बसचे भाडे असे, चुकीच्या वाटेने गेल्यास प्रत्यक्ष दिसतील तेच आकडे पर्यायांत ठेवले, तर कोण कुठे वळला ते उत्तरावरून समजते. मनचे आकडे टाकल्यास ही माहिती वाया जाते. ‘मला रक्कम सापडली नाही’ हा पर्याय असलाच पाहिजे. तो नसेल तर अंदाजाने दिलेली उत्तरे यश म्हणून मोजली जातात. प्रश्न आणि पर्याय कार्य संपेपर्यंत दाखवू नयेत हे सांगणे अनावश्यक वाटेल, पण काही साधनांत ते दिसू न देण्याची व्यवस्था मुद्दाम करावी लागते.

काही वेळा संपूर्ण कार्याऐवजी केवळ पहिली टिचकी तपासली जाते. बॉब बेली यांच्या विश्लेषणात पहिली टिचकी योग्य जागी पडली तेव्हा कार्य यशस्वी होण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के, आणि चुकली तेव्हा सुमारे ४६ टक्के आढळली. आराखडा अजून कागदावर असताना ही पद्धत उपयोगी पडते. अर्धवट नमुन्यावर, म्हणजे प्रोटोटाइपवर, पूर्ण कार्य देताना मात्र अडचण येते: जेवढी बटणे चालतात तेवढीच बरोबर, हे सहभागीच्या लवकर लक्षात येते.

संख्या, क्रम आणि वेळ

एका चाचणीत किती कार्ये द्यावीत याचा पक्का नियम नाही. एकंदर चाचणी साधारण अर्ध्या तासाच्या आत आटोपावी असा प्रघात आहे. समोर माणूस नसताना उत्साह लवकर ओसरतो आणि सहभागी ‘चालून जाईल’ इतपतच प्रयत्न करू लागतो. मोबदल्यासाठी नियमितपणे चाचण्या देणाऱ्यांच्या बाबतीत ही शक्यता अधिक असते.

कार्यांचा क्रम सहभागीगणिक बदलता ठेवणे हितावह असते, कारण पहिल्या कार्यात ॲपची ओळख होते आणि नंतरची कार्ये सोपी वाटू लागतात. परस्परावलंबी कार्ये मात्र एकत्रच ठेवावी लागतात. पहिले कार्य हलके असावे, असाही एक संकेत आहे. तो पाळायचा तर त्या कार्याचे मोजमाप इतरांशी तोलू नये.

वेळेच्या नोंदी जपून वाचाव्या लागतात. मध्येच दारावरची घंटा वाजली किंवा फोन आला, तर दोन मिनिटांचे काम वीस मिनिटांचे दिसते. त्यामुळे सरासरीपेक्षा मध्यक विश्वसनीय मानला जातो. ज्या कार्यात वेळ मोजायचा आहे तेथे विचार मोठ्याने बोलण्यास सांगणेही टाळतात, कारण बोलण्याने गती बदलते.

सहभागींची संख्या उद्देशानुसार ठरते. दोष शोधण्यासाठी पाच सहभागींना मोठ्या प्रमाणावर दोष सापडतात, हा जेकब नीलसन यांचा प्रसिद्ध दावा एका दोषाची एका सहभागीला अडचण येण्याची शक्यता ३१ टक्के असते या गृहीतावर उभा आहे. प्रमाण मोजण्यासाठी तो लागू होत नाही. २० पैकी १५ जणांनी कार्य पूर्ण केले, तर यशाचे प्रमाण ७५ टक्के दिसते. पण ९५ टक्के विश्वासमर्यादेने खरे प्रमाण सुमारे ५३ ते ८९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. दोन आराखड्यांतील लहानसा फरक इतक्या सहभागींवरून सिद्ध होत नाही.

कार्यानंतरचे प्रश्न

प्रत्येक कार्यानंतर ते किती सोपे किंवा अवघड वाटले, हा एकच प्रश्न सात श्रेणींच्या मोजपट्टीवर विचारण्याची पद्धत रूढ आहे. संपूर्ण चाचणीच्या शेवटी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली, दहा विधानांची ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ ही प्रश्नावली बहुधा वापरतात. तिचे गुण ० ते १०० असे मांडले जातात, परंतु ते टक्के नव्हेत. कार्य अर्धवट सोडणाऱ्यास ते का सोडले हे मोकळ्या शब्दांत लिहिण्यास जागा द्यावी. संचालकाच्या ‘आता काय झाले?’ या प्रश्नाची जागा घेणारे दुसरे काही या पद्धतीत नाही.

भारतीय संदर्भ आणि मराठीतील कार्ये

भारतात अनेक सहभागी समोरच्या व्यक्तीला वाईट वाटेल म्हणून उणिवा बोलून दाखवत नाहीत, ही अडचण अपाला लाहिरी चव्हाण यांनी मांडली. ह्यूमन फॅक्टर्स इंटरनॅशनल या संस्थेत काम करताना त्यांनी ‘बॉलिवूड पद्धत’ सुचवली. तिच्यातील एका प्रसंगात सहभागीच्या भाचीचे लग्न ठरले आहे आणि नवरा मुलगा आधीच विवाहित, शिवाय भाडोत्री मारेकरी असल्याचे अचानक कळते. पुरावा हाती आहे, आणि तातडीने विमानाचे तिकीट काढून बंगळूर गाठायचे आहे. अशा चित्रपटी प्रसंगात शिरलेला सहभागी भीड सोडून ॲपवर चिडतो. ही पद्धत संचालकासह घ्यायच्या चाचणीसाठी होती. केवळ मजकुरावर विसंबलेल्या चाचणीत इतका नाट्यमय प्रसंग काहींना थट्टेचा वाटू शकतो. तरीही प्रसंगात निकड असावी हे तिचे तत्त्व येथेही लागू पडते.

मराठीत कार्य लिहिताना भाषेचे काही खास प्रश्न उद्भवतात. ॲप इंग्रजीत आणि कार्य मराठीत असल्यास ‘आरक्षण’ आणि ‘बुकिंग’ यांची सांगड घालण्याचे जास्तीचे काम सहभागीवर पडते. उलट ॲप मराठीत असताना कार्यात ‘रद्द’ हा शब्द आला, की तोच शब्द असलेले बटण आयते सापडते. ‘प्रवास पुढे ढकलला आहे, पैसे परत मिळवायचे आहेत’ अशी मांडणी दोन्ही अडचणी टाळते. लिपीचाही परिणाम होतो. मराठी वापरकर्ते गावाचे नाव कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, तर कधी बोलून शोधतात. कार्यात ‘कोल्हापूर’ असे देवनागरीत छापलेले असले की काही सहभागी ते तसेच उचलून शोधचौकटीत चिकटवतात. शोध चालतो की नाही हेच तपासायचे असेल, तर नाव चित्रातून दाखवणे किंवा ‘तुमच्या गावाला जाणारी बस’ असे म्हणणे योग्य. औपचारिक पारिभाषिक शब्दांपेक्षा रोजच्या बोलण्यातले शब्द बरे. ‘प्रवासी विवरण प्रविष्ट करा’ हे वाचून अडलेला सहभागी ॲपमुळे अडला की कार्यामुळे, हे नंतर सांगता येत नाही.

गोपनीयता

पडद्याची नोंद होत असताना खरा पासवर्ड, बँकेचा तपशील, ओटीपी किंवा मध्येच आलेला खासगी संदेश टिपला जाऊ शकतो. त्यामुळे पैसे भरण्याच्या कार्यांत काल्पनिक माहिती पुरवून, प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी थांबण्याची सूचना कार्यातच द्यावी लागते. काल्पनिक नाव-पत्ता वापरल्याने वागण्यातील खरेपणा काहीसा कमी होतो, कारण दुसऱ्याच्या नावाचे स्पेलिंग चुकले तर कोणाला फिकीर नसते. भारतातील डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ माहितीच्या वापरासाठी स्पष्ट संमतीची आणि १८ वर्षांखालील व्यक्तींच्या बाबतीत पालकांच्या संमतीची अपेक्षा ठेवतो.

पूर्वचाचणी

कार्ये प्रसृत करण्यापूर्वी ती दोन-तीन व्यक्तींवर तपासली जातात. या व्यक्ती प्रकल्पाबाहेरच्या असाव्यात. पूर्वचाचणी संचालकासह घेणे उपयुक्त ठरते, कारण कोणत्या वाक्याशी सहभागी थबकतो हे तेथे प्रत्यक्ष दिसते. फोनवर कार्याची चौकट ॲपवर तरंगत असल्यास ती एखादे बटण झाकत नाही ना, मजकूर गुंडाळल्यावर पुन्हा उघडता येतो ना, आणि पडदावाचक वापरणाऱ्या अंध सहभागींना तो ऐकू येतो ना, हेही याच टप्प्यावर पाहतात. एकदा चाचणी सुरू झाल्यावर कार्याचे शब्द बदलल्यास आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकत्र मोजता येत नाहीत. तेव्हा गोळा झालेल्या नोंदी बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करावी लागते.

मर्यादा

वापरकर्त्यांची गरजच अद्याप नीट माहीत नसेल, तर लेखी कार्ये रचणे अवघड असते. तेथे मुलाखत किंवा प्रत्यक्ष निरीक्षण अधिक उपयोगी पडते. तज्ज्ञांसाठी असलेली गुंतागुंतीची साधने, अनेक दिवस चालणारी कामे आणि आजार, कर्ज, कौटुंबिक वाद यांसारख्या नाजूक विषयांवरील सेवा या पद्धतीला फारशा अनुकूल नाहीत. चाचणीस बोलावले जाणारे सहभागी इंटरनेटवरील नोंदणीतून येत असल्याने ज्यांना फोन वापरणेच कठीण जाते ते सुरुवातीलाच वगळले जातात. वरील उदाहरणातील ६७ वर्षांची आई स्वतः तिकीट काढू शकेल का, हे तिच्या मुलाला कार्य देऊन कळत नाही.